उलटा गुंडाळलेला ताका

मला कुणी चूक दाखवली की आधी माझी कानशिलं तापतात. मग आवाज चढतो, आणि शहाणपण येतं ते सगळं उरकल्यावर. तरुणपणापासून हे असंच आहे आणि आता केस पांढरे झाले तरी फारसा फरक नाही, हे आधीच सांगून टाकतो. उपासनेत साक्ष द्यायला उभी राहणारी माणसं बहुतेकदा सांगतात की अमुक दिवशी प्रभूने मला धरलं आणि मी पार बदललो. मलाही प्रभूने धरलं, पण कानाला धरलं, आणि तेव्हा मी त्याच्यावरच चिडलो होतो. ती चीड कशी उतरली ते मला नीट कळलेलं नाही. घडलं तसं सांगतो.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची दोनएक वर्षं उलटली होती. मी सुरतेत, कतारगामच्या एका कारखान्यात कापड तपासायला होतो. मागावरून उतरलेल्या कापडाच्या लांबलचक गुंडाळ्याला आम्ही ताका म्हणतो. तो माझ्यापुढच्या उतरत्या काचेच्या फळीवरून ओढायचा, मागे ट्यूबलाइट, आणि मी उभा राहून तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेली वीण हुडकायचो. बारा वर्षं हेच केलं. शेठ म्हणायचा, "भाई, तमारी आंख खोटी न होय," म्हणजे तुमची नजर चुकायची नाही. कारीगर माझ्या फळीजवळून जाताना दबकून जायचे आणि मला ते आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू. दुसऱ्याच्या हातची चूक शोधायचाच ज्याला पगार मिळतो, त्याला हळूहळू वाटायला लागतं की देवानेही आपल्याला त्याच कामावर ठेवलंय.

राहायला आम्ही शहराच्या कडेला, कोसाडला. आजूबाजूला सगळी खानदेशातली हिंदू कुटुंबं, आणि त्यांच्यात आमची पंधरा-सोळा मराठी ख्रिस्ती घरं, बहुतेक जालन्याकडची. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. सोनामावशी नावाच्या एका विधवा बाईची खोली जरा मोठी होती, तिथे रविवारी सतरंज्या अंथरून उपासना व्हायची. पाळकसाहेब लांबून यायचे, म्हणून महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देण्यापुरते. बाकीचे रविवार मंडळीने माझ्यावर सोपवले होते. वचन वाचायचं, चार शब्द बोलायचे आणि शेवटी सगळ्यांसाठी प्रार्थना करायची.

ही प्रार्थना करताना मी काय करायचो ते लिहायला आजही लाज वाटते. डोळे मिटायचे, हात पसरायचे, आणि एकेकाचं नाव घेऊन त्याचं पाप देवाला सांगायचं. "प्रभू, आमच्या मार्थाबहिणीच्या जिभेला लगाम घाल." "प्रभू, दाविदभाऊ शनिवारी कुठे बसतात ते तू जाणतोस, त्यांचे पाय तिकडून वळव." सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे मार्थाला तोंड लपवायलाही जागा नाही आणि दाविदला उलटून बोलायची सोय नाही, कारण मी त्यांच्याशी बोलतच नव्हतो, देवाशी बोलत होतो! प्रार्थनेच्या मधे कोण अडवणार? शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं, म्हणजे ज्याचं पाप वेशीवर टांगलं त्यानेसुद्धा. समोरासमोर बोलायची ज्या गोष्टीची हिंमत नाही, ती मी डोळे मिटून बोलायचो आणि त्याला मेंढपाळाची काळजी म्हणायचो.

आमच्याच कारखान्यात शांतवन नावाचा एक कारीगर होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारा, बायको आणि दोन मुली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर तो बाहेर थांबला. सगळे पांगल्यावर म्हणाला, "दादा, राग येऊ देऊ नका. तुमची प्रार्थना वर जातच नाही. ती आमच्याच अंगावर पडते. मार्थाबाई मागच्या रविवारपासून येत नाही, तुम्ही पाहिलं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालचा पोरगा मला प्रार्थना शिकवतो! मी त्याला म्हणालो, "तुझं नाव घेतलं का कधी? नाही ना? मग तुला का झोंबलं?" तो म्हणाला, "म्हणूनच मी सांगू शकतो, दादा." आणि सलाम करून गेला. त्याचा शांतपणा मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. घरी येऊन मी जेवलो नाही. बायको म्हणाली, खरं आहे ना त्याचं, तर तिच्यावरही खेकसलो.

त्याच आठवड्यात उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, सुट्टी शांतवनाने मागितली. शेठने नाही म्हटलं. मला मात्र मिळाली होती, मागताच. मी दोन शब्द टाकले असते तर त्यालाही मिळाली असती. टाकले नाहीत. तो तरीही कामावर न जाता खोलीवर आला, क्रुसाची उपासना ऐकली, आणि शनिवारी शेठने सगळ्यांसमोर त्याला घालून पाडून बोलल्यावर त्यानेही उत्तर दिलं. शेठ त्याच्यावर डूख धरून बसला.

पुढच्या मंगळवारी माझ्या फळीवर त्याच्या मागाचा ताका आला. काठाला बोटभर लांबीचे चिरे, एकामागून एक, ब्लेडने मारल्यासारखे. आता इथे आमच्या कामातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. एका मागावर दोन कारीगर, रात्रपाळीचा आणि दिवसपाळीचा. पाळी बदलली की उतरणारा माणूस काठाला निळ्या पेन्सिलीची खूण करतो. ताका उघडताना जे शेवटी विणलं ते आधी बाहेर येतं. या ताक्यात आधी रात्रपाळीच्या भटूने विणलं होतं, मग खूण, मग दिवसा शांतवनाने. म्हणजे उघडताना शांतवनाचं कापड आधी आणि खुणेनंतर भटूचं. चिरे खुणेच्या आधी होते. मी शेठला हाक मारली आणि म्हणालो, "दिवसपाळी."

एवढाच शब्द. शेठला तेवढाच हवा होता. सुट्टीचा राग काढायला ब्लेड मारलं, असं त्यानेच ठरवलं आणि दुपारच्या आत शांतवनाला फाटकाबाहेर काढलं. शांतवन माझ्या फळीशी आला. म्हणाला, "दादा, पुन्हा एकदा बघा." मी म्हणालो, "माझी नजर चुकत नाही." संध्याकाळपर्यंत कतारगामच्या गल्ल्यांमधून बातमी फिरली की हा ब्लेड मारणारा माणूस आहे. असा शिक्का बसलेल्या कारीगराला सुरतेत कुणी मागाजवळ उभं करत नाही. तीन-चार ठिकाणी त्याला दारातूनच परत लावलं. शनिवारी कळलं की येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी तो बिऱ्हाड घेऊन गावी चाललाय, जिथे ना जमीन ना काम. मुलींची शाळा तुटणार होती. मी बायकोला म्हणालो, पेरावं तसं उगवतं. असं मी खरोखर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. पाळकसाहेब आले होते. प्रभुभोजनाआधी ते नेहमी काही वेळ शांत बसायला सांगत. प्रत्येकाने आपलं मन तपासायचं, आणि कुणाशी काही बिनसलं असेल तर आधी ते मिटवायचं, मग हात पुढे करायचा. मी त्या शांततेत काय तपासलं? शांतवन शेवटच्या रांगेत बसलाय, त्याने पश्चात्ताप केला असेल का, हे. मग भाकरीचं ताट घेऊन रांगेतून फिरवायला मी उठलो, ते माझंच काम होतं. पहिल्याच रांगेत सोनामावशी होती. तिने भाकर घेतली नाही. ताटाची कड धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लेकरा, आज ताट तू धरू नको. त्या पोराचं घर मोडलंस तू. आधी जाऊन पुन्हा बघून ये."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. वाटलं, ते म्हातारीला गप्प करतील. त्यांनी माझ्या हातातून हळूच ताट घेतलं. बस्स. ज्या खोलीत मी वर्षानुवर्षं लोकांची नावं घेतली, तिथे माझं नावही न घेता मला उघडं पाडलं होतं, आणि तेही सगळ्यांचे डोळे उघडे असताना. अंगाचा तिळपापड झाला. मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो. रस्त्याने देवाला बोलत होतो. तुझ्यासाठी रविवार दिले, घसा दिला, आणि तू एका अडाणी बाईकरवी माझी शोभा करतोस? शांतवनाची बाजू घ्यायला तुला हीच वेळ सापडली? तोंडाने बोलत होतो बहुतेक, कारण येणारेजाणारे वळून बघत होते. एप्रिलचं ऊन. अमरोलीच्या बाजूला किती लांब आलो ते घसा कोरडा पडल्यावर कळलं.

एका घराच्या पायरीवर एक खानदेशी बाई साडीचे धागे कापत बसली होती. भरतकामाच्या साडीला मागून लोंबणारे धागे कात्रीने साफ करायचं काम तिकडे घरोघरी चालतं. मी पाणी मागितलं. "बठा ना भाऊ," म्हणत ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी प्यायलो, तोंडावर मारलं, आणि बसल्या बसल्या सवयीने माझी नजर तिच्या साडीवर गेली. राहवतंय कुठे! वरच्या अर्ध्या भागाचे धागे तसेच होते. मी म्हणालो, "बाई, सुरुवातीचं अर्धं सोडून पुढंच कापत सुटलात की तुम्ही." ती हसली. तिला राग आला नाही, याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

"नई भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही उलटं देखी ऱ्हायनात. मन्ही पोरनी घडी उलटी करी दिन्ही. तुम्ही जेले सुरुवात म्हनतस, तो शेवट शे."

मी तांब्या खाली ठेवला.  त्या क्षणी मला मंगळवारची सकाळ जशीच्या तशी आठवली. ताके लांबीला कमी भरतात असा वाद झाला होता, म्हणून शेठने काही ताके हमालांकडून पूर्ण उघडून मोजून घेतले होते. ताका माझ्या फळीवर ठेवताना हमाल म्हणाला होता, "हा शांतवनाच्या मागाचा, मोजून परत गुंडाळलाय, बघा." एकदा उघडून गुंडाळलेला ताका उलटा होतो. आधीचं नंतर होतं आणि नंतरचं आधी. बारा वर्षांत मी हे शंभरदा लक्षात ठेवलं होतं. त्या दिवशी कानाने ऐकलं आणि आत घेतलं नाही. ती बाई कोण, मला माहीत नाही. नंतर मी दोनदा ती गल्ली शोधली, सापडली नाही. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. अमरोलीत तशा गल्ल्या पन्नास असतील. एवढंच म्हणतो की मला पाणी हवं होतं आणि पाण्याबरोबर हे मिळालं.

सोमवारी इतरांच्या आधी कारखान्यात पोचलो. तो ताका टाकाऊ मालाच्या ढिगात होता. ओढून फळीवर घेतला आणि या वेळी शेवटपर्यंत उघडला. मागावरून ताका उतरवताना बाहेरच्या टोकाला मागाचा नंबर लिहितात. तो नंबर अगदी आतल्या टोकाला निघाला. ताका उलटा होता. चिरे रात्रपाळीचे होते. आणि चिऱ्यांमधलं अंतर मी वितीने मोजलं तर प्रत्येक वेळी तेवढंच, एक बोटही कमीजास्त नाही. हाताने ब्लेड मारणारा माणूस इतकं एकसारखं मारतो होय? मी त्या मागाजवळ गेलो. कापड ज्या रुळावरून उतरतं त्याचा पत्रा काठाला फाटला होता आणि त्यावर तार आवळून बांधलेली होती. रुळाचा एक फेरा, की कापडाला एक चिरा. रात्रपाळी संपवून भटू हात धूत होता. त्याला विचारलं. तो सहज म्हणाला, पत्रा माझ्याच पाळीत फाटला, पहाटे दिसला, तेव्हा तार मीच बांधली. "मग बोलला का नाहीस?" मी ओरडलो. तो हात पुसत म्हणाला, "माले कोनी इचारंच नई."

मी फळीला टेकून उभा राहिलो, आणि रविवारी मन तपासायचं राहिलं होतं ते त्या फळीशी झालं. मी खोटं बोललो होतो का? नाही. मला जे दिसलं तेच सांगितलं. हीच तर माझी पळवाट होती. पण बाहेरच्या टोकाला नंबर नाही हे मला दिसलं नव्हतं? दिसलं होतं. अंतर एकसारखं आहे हे दिसलं होतं? तेही दिसलं होतं. अनोळखी कारीगराचा ताका असता तर मी दोनदा उघडला असता, नेहमी उघडायचो. हा मी एकदाच उघडला, चिरे लागले तिथेच थांबलो, कारण मला हवं ते सापडलं होतं. नऊ दिवस मी त्याची चूक शोधत होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायचा मला पगार होता आणि माझ्या डोळ्यात मुसळ आडवं पडलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी मूठ फळीवर आपटली. काचेला तडा गेला. तो तडा नंतर कितीतरी वर्षं तसाच होता.

शेठला सांगितलं तर तो खांदे उडवून म्हणाला, "अरे जवा दो ने. माणस तो गयो. बीजो मूकी दीधो छे." त्याच्या जागी दुसरा ठेवूनही झाला होता. मी म्हणालो, जाऊ देणार नाही, चूक माझी आहे, ती सगळ्या कारीगरांसमोर सांगतो. तो म्हणाला, मग तुझ्या नजरेवर कोण विश्वास ठेवील? बरोबरच होतं त्याचं. तरी दुपारी मी कारखान्याच्या दारात उभा राहून सांगितलं. मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत त्या गल्ल्यांमधून दार दार फिरलो आणि जिथे जिथे शांतवनाला परत लावलं होतं तिथे सांगितलं. काही हसले. एकाने विचारलं, तुला किती मिळाले? मी तेही गिळलं. गिळायची सवय नव्हती, म्हणून घशात टोचत होतं.

पण सगळ्यात आधी, त्या सोमवारीच संध्याकाळी, शांतवनाकडे गेलो. अर्धं सामान पोत्यांत भरलेलं होतं. धाकटी मुलगी पाटीवर काहीतरी गिरवत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, आणि कबूल करतो, मनात अशी आशा होती की तो उठून मिठी मारील. साक्षींमध्ये तसंच होतं. शांतवन उठला, पण त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. त्या शांत माणसाचा आवाज फाटला.

"मी तुमच्या फळीशी उभा राहून म्हटलं होतं, पुन्हा बघा. माझ्या पोरींना शाळेत पोरं ब्लेडवाल्याच्या पोरी म्हणतात. आणि तुम्ही हे मला एकट्याला सांगायला आलात?"

मी म्हणालो, मंडळीतही सांगेन, रविवारी प्रार्थनेत कबुली देतो.

"प्रार्थनेत नाही," तो म्हणाला. "डोळे उघडे ठेवून सांगा. आमच्याकडे बघून."

मी चिडलो. खरंच चिडलो! क्षमा मागायला आलेल्या माणसाला अटी घालतो म्हणून. ओठांवर शब्द आला होता. तेवढ्यात त्या पायरीवरच्या बाईचं हसणं आठवलं. तिला मी फुकटची चूक दाखवली, ती चूक नव्हतीच, तरी तिने तांब्या हिसकावून घेतला नाही. मी म्हणालो, बरं. त्या एका शब्दाला मला जेवढी ताकद लागली तेवढी बारा वर्षांच्या उपदेशांना लागली नव्हती.

रविवारी खोली भरली होती. मार्थाबाईसुद्धा आली होती, बहुधा तमाशा बघायला, आणि तिचा तो हक्कच होता. मी उभा राहिलो. सवयीने पापण्या खाली यायला लागल्या. ओढून उघड्या ठेवल्या. डोळे उघडे असले की माणसं दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. मार्थाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. दाविदचे थरथरते हात दिसले. एकेकाकडे बघत मी सांगितलं की ताका कसा तपासला, का दुसऱ्यांदा उघडला नाही, आणि तुमची नावं घेऊन मी जे करत होतो ती प्रार्थना नव्हती. दोनदा मधेच अडलो, पुन्हा सुरू केलं. कुणी मदत केली नाही, ते बरंच झालं. सोनामावशी माझ्याकडे टक लावून बघत होती, तिने एकदाही मान हलवली नाही. बोलून झालं आणि मला पुढे काय करायचं ते सुचेना. शेवटची प्रार्थना माझी असायची. 

तेव्हा मागून शांतवन उठला. पुढे येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. "आता डोळे मिटा, दादा," म्हणाला. मी मिटले. मला माहीत होतं आता काय येणार. माझं नाव येणार, आणि माझ्या नावापुढे माझं पाप, आणि सगळे आमेन म्हणणार, आणि ते योग्यच असणार. मी मान खाली घालून वाट बघत होतो.

त्याने आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. कामासाठी केली, गावाकडच्या माणसांसाठी केली. मग म्हणाला, "प्रभू, आमच्यातल्या प्रत्येकाला पुन्हा एकदा बघ," आणि थांबला. माझं नाव त्याने घेतलं नाही.

तो गावी गेला नाही. कतारगामलाच दुसऱ्या गल्लीत त्याला माग मिळाला. आमच्यात पुढेही फार गोडी झाली असं नाही, सलाम होतो. मला अजूनही कुणी चूक दाखवली की कानशिलं तापतात. पण आता तापली की मी देवाचे आभार मानतो, दात आवळूनच, आणि ताका पुन्हा पहिल्यापासून उघडतो.